ओळखीचा आवाज

सासूबाईंनी, ट्रायफी मावशींनी, पुडिंगला हात लावला नाही, तेव्हाच विनीला कळायला हवं होतं. तसं कळलं होतंही. पण स्नूकांच्या घरात सून म्हणून आल्या दिवसापासून विनीनं एक नियम पाळला होता. काही खटकलं तर सासूला विचारायचं नाही, नवऱ्याला, हेडलीला, विचारायचं, आणि नवरा उत्तर देत नाही हे ठाऊक असल्यामुळं गप्प बसायचं. ह्या नियमावर तिचा संसार बरा चालला होता.

नाताळ होऊन तीनच दिवस झाले होते. दर वर्षीसारखी नणंद ऑड्री शहरातून मिझल कोव्हला मावशींकडे आली होती आणि विनी-हेडलीही तिथंच जेवायला होती. टेबलावर सॉल्ट बीफ होतं, सलगम होते, वाटाण्याचं पुडिंग होतं. आणि ह्या सगळ्याकडे पाठ करून मावशी खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. भिंतीवरचा फोन त्यांनी वायर ताणून मांडीवर घेतला होता, आजारी मांजर घ्यावं तसा.

"आई, कुणाच्या फोनची वाट बघताय का?" विनीनं शेवटी नियम मोडला.

"कुणाच्या नाही. रस्त्यावर बर्फ किती साठलंय ते बघतेय."

"हेडलीनं सकाळीच काढलंय की."

"बरं केलं. गाडी येईल ना वरपर्यंत?"

"कुणाची गाडी?"

मावशींनी ओठ घट्ट मिटले. विनीला कालचं आठवलं. काल दुपारी तिची चुलतबहीण ब्लँच दुकानात भेटली होती. ब्लँच पतपेढीत खिडकीवर बसते. बसल्या जागी गावाचा कारभार चालवते, असंही म्हणतात. "काय गं, तुझ्या सासूबाई घराचं छप्पर बदलतायत म्हणे? बोटीचे सगळे पैसे रोख घेऊन गेल्या. मी म्हटलं मावशी, चेक द्या ना. तर म्हणाल्या, कारागीर रोखच मागतो. एवढ्या हिवाळ्यात कसलं छप्पर गं?"

बोटीचे पैसे म्हणजे सासरे एलाय यांच्या बोटीचे. एलाय गेल्यावर ती हेडलीनं चालवली. विनी-हेडलीचा पोरगा कोरी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाच्या खाणीवर निघून गेल्यावर हेडलीनं ती एकट्यानं रेटली, खांदा निकामी होईपर्यंत. शेवटी ह्या उन्हाळ्यात विकली. बोट कागदावर आईच्या नावावर होती म्हणून पैसे आईच्या खात्यात गेले आणि तिथंच पडून राहिले. त्यांचं काय करायचं हा विषय कुणी काढत नव्हतं. पण डोक्यात प्रत्येकाच्या होता.

विनी सरळ ओसरीत गेली. हेडली तिथं बूट पुसत बसला होता. पुसण्यासारखं बुटावर काही उरलं नव्हतं.

"आईंनी बोटीचे पैसे काढलेत. सगळे."

हेडलीचा हात थांबला. "कुणासाठी?"

"मला विचारतोस? बहीण आलीय तुझी. आईला शहरात फ्लॅट घ्यायचा म्हणून गेल्या इस्टरपासून मागं लागलीय. आज गाडीची वाट बघणं चाललंय आईंचं. बॅग भरून ठेवली नसेल तर नाव बदलीन."

हेडलीनं बूट खाली ठेवला. तो मुळात बोलका माणूस नव्हता. त्याच्या तीस वर्षांच्या घामाची बोट होती ती, आणि तिचे पैसे नवीन भिंतींना रंग द्यायला जाणार असतील तर बोलावं लागणार होतं. त्यानं बहिणीला हाक मारली.

ऑड्री हातात टॉवेल घेऊन आली. तिनं दार ओढून घेतलं आणि हा काही बोलायच्या आत तीच सुरू झाली. "बरं झालं बोलावलंस. मला तुझ्याशी बोलायचंच होतं. हेडली, लाज वाटत नाही? म्हातारीच्या हाती जन्मात पहिल्यांदा चार पैसे आले, तेही तुला दुसऱ्या बोटीसाठी हवेत?"

"मला?"

"मग कुणाला? बिस्किटांचा डबा बांधून पलंगाखाली ठेवलाय तिनं. मी केर काढायला गेले तर अंगावर आली. काय आहे विचारलं तर म्हणते, हेडलीला काही बोलू नकोस. मी समजले, तुम्हा मायलेकांचं काहीतरी शिजतंय."

"ती मलाच बोलू नकोस म्हणाली ना? मग मला कसे देईल?"

ऑड्रीनं टॉवेल खांद्यावर टाकला. शहरात औषधाच्या दुकानात ती काउंटर सांभाळते, हिशोबाला पक्की आहे. पण भावावर संशय घ्यायची सवय लहानपणापासूनची, आणि सवयीपुढं हिशोब चालत नाही.

"तुला नाही, मला नाही," ती सावकाश म्हणाली. "मग गाडी कुणाची येतेय?"

तिघं एकदमच स्वयंपाकघरात शिरली. मावशी खुर्चीत नव्हत्या. त्या उभ्या होत्या, अंगात कोट, डोक्याला रुमाल, छातीशी डबा. बाहेर अंधारून यायला लागलं होतं.

आता मावशींची बाजूही सांगायला हवी, कारण पुढं गावानं त्यांना बरंच हसून घेतलं आणि त्यात अर्धं काहीच न कळता हसलं. काल सकाळपासून ही बाई झोपली नव्हती, जेवली नव्हती. काल फोन आला होता, नातू तुरुंगात होता. गाडी चालवताना फोन बघत होता, एका पोटुशी बाईला धडक बसली. नाक मोडलं होतं त्याचं, नीट बोलताही येत नव्हतं. मग वकील बोलला. फार मऊ बोलायचा, दर वाक्याला 'मॅडम' म्हणायचा. जामिनाचे पैसे रोख द्यावे लागतील, कोर्टाचा माणूस घरी येऊन नेईल. आणि न्यायाधीशांचा हुकूम आहे, खटल्याबद्दल कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगायचं नाही. सांगितलं तर जामीन रद्द. बँकेत विचारलं तर घरदुरुस्ती म्हणा. कोरीचा फोन पोलिसांकडे आहे, त्यावर फोन करू नका. आमचा फोन कधीही येईल, लाइन मोकळी ठेवा. मावशींनी शब्द दिला होता. आणि दिलेला शब्द त्यांनी एलायच्या मरणाच्या आजारातसुद्धा मोडला नव्हता. डॉक्टरनं सांगू नका म्हटलं, तर त्या रोज नवऱ्याजवळ बसून मासळीच्या गप्पा मारत राहिल्या.

"आई, डबा खाली ठेव," ऑड्री म्हणाली.

"तुम्ही सगळी घरी जा. विनी, उरलेलं पुडिंग घेऊन जा."

"कोण येतंय, आई?"

"मला बोलायला बंदी आहे!"

"बंदी? कुणाची?" हेडलीचा आवाज चढला. "तुझ्या घरात तुला बोलायला बंदी करणारा कोण उपटला?"

मावशींचा चेहरा वेडावाकडा झाला. एवढा वेळ धरून ठेवलेलं एकदम फुटलं. "पोरगं तुरुंगात आहे रे! तुझं पोरगं! कोरी! आणि तू इथं बूट पुसत बसलायस!"

मग सगळं बाहेर आलं. धडक, पोटुशी बाई, नाक, वकील, हुकूम. सांगून झाल्यावर मावशींनी तोंडावर हात ठेवला. आपण आत्ताच नातवाचा जामीन बुडवला, असंच त्यांना वाटत होतं.

विनी भिंतीला टेकली. हेडली मान हलवत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "हे होणार हे मला माहीत होतं. फोनवरनं नजर उचलायची नाही कधी. मी तेव्हाच म्हणत होतो."

"काय म्हणत होतास?" विनी उसळली. "तू काहीच म्हणत नव्हतास! घराबाहेर काढताना तेवढा बोललास!"

"मी काढलं? तो गेला!"

"थांबा दोघं!" ऑड्री आईपुढं गुडघ्यावर बसली. दुकानात ती ज्या आवाजात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलते तो आवाज तिनं काढला, आणि तो काढताना तिला भीती वाटली. "आई, माझ्या दुकानात लोक येतात. फोनवरच्या कुणाला तरी पैसे पाठवायला गिफ्ट कार्डं मागतात, मूठभर. हात थरथरत असतात. कुणासाठी विचारलं की म्हणतात, सांगायला बंदी आहे. प्रत्येकाला घाई असते, प्रत्येकाला कुणीतरी बजावलेलं असतं की घरी बोलू नका. मी त्यांना खुर्ची देते, पाणी देते आणि घरच्यांना फोन लावते. मला आधी सांग, फोन आला तेव्हा पहिलं वाक्य काय होतं?"

"कोरीचं?"

"हो. अगदी पहिलं."

एवढ्या काळजीतही मावशींची मान जराशी ताठ झाली. नातू त्यांना आजी न म्हणता 'नॅन' म्हणायचा. "म्हणाला, नॅन, ओळख पाहू कोण! घसा बसलेला, नाक चोंदलेलं, पण मी एका झटक्यात ओळखलं. म्हटलं, कोरी, तूच ना रे? म्हणाला, हो नॅन, तूच ओळखणार मला."

ऑड्रीला तिथंच कळलं.

आमच्या मिझल कोव्हमध्ये नाताळचे बारा दिवस सोंगं निघतात. बायका बाप्यांचे कपडे घालतात, बाप्ये झगे घालतात, तोंडावर उशीची खोळ ओढतात आणि श्वास आत ओढत ओढत बोलतात, म्हणजे आवाज कळू नये. घरात शिरायचं, 'ओळखा' म्हणायचं, ओळखलं की खोळ काढायची आणि यजमानानं केक नि पेला पुढं करायचा. ह्या खेळात ट्रायफी मावशींना कुणी हरवलेलं नव्हतं. खोकल्यावरून माणूस सांगायच्या. अशा बाईला कुणी 'ओळख' म्हटलं की ती नाव घेणारच. न घेणं हा तिच्या लेखी अपमान होता.

"आई," ऑड्री हळूच म्हणाली, "त्यानं नाव सांगितलंच नाही. तू सांगितलंस."

"मला आवाज कळतात!"

"नाक मोडलेला आवाज?"

"मला खोळीतला कळतो, ऑड्री. तू मला आता शिकवणार?"

"अगं ते लोक काल शंभर म्हाताऱ्यांना म्हणाले असतील, ओळख पाहू! ज्या घरात कोरी, त्या घरात तो कोरी. ज्या घरात जॉर्ज, तिथं जॉर्ज!"

विनी मध्ये आली. दोन घटकांपूर्वी सासूवर संशय घेणारी ती आता सासूच्या खुर्चीला धरून उभी होती. "आणि खरं असलं तर? तुझं दुकानातलं ज्ञान ठीक आहे, ऑड्री. पोरगं माझं आहे. तू चुकलीस तर ते आत राहील."

"म्हणून तर म्हणते, त्याला फोन लाव. नंबर आहे ना तुझ्याकडं?"

"नाही!" मावशींनी फोन दोन्ही हातांनी दाबला. "त्याचा फोन पोलिसांकडे आहे. लावला की कळेल त्यांना, मी बोलले म्हणून."

विनीनं पुढं केलेला हात मागं घेतला. ऑड्रीनं कपाळावर हात मारून घेतला. फसवणाऱ्यानं मावशींच्या तोंडाचं कुलूप मावशींच्याच हातून लावून घेतलं होतं.

"पोलिसांचं राहू दे. आणखी काय म्हणाला तो?" हे हेडलीनं विचारलं. एवढा वेळ तो खिडकीशी पाठमोरा होता. "कोरी. फोन वकिलाला द्यायच्या आधी."

मावशी घुटमळल्या. "रडत होता. म्हणाला, बाबांना सांगू नकोस. बाबांची फार भीती वाटते मला."

हेडली वळला. त्याचा चेहरा विचित्र दिसत होता, हसू आणि राग ह्यांच्या मधला कुठला तरी.

"माझी भीती?"

"असं म्हणाला."

"कोरीला माझी भीती? जन्मात वाटली नाही त्याला. बारा वर्षांचा असताना भर समुद्रात मला म्हणाला होता, बाबा, तुझं चुकतंय, जाळी चुकीच्या बाजूला टाकतोयस. सगळ्या खलाशांसमोर. आणि बरोबर होता. भीती वाटली असती तर तो इथंच राहिला असता ना!" त्यानं हात पुढं केला. "आई, फोन दे."

"हेडली, शब्द दिलाय मी..."

"दिलास तो कुणाला? दे."

त्यानं फोन काढून घेतला. कोरीचा नंबर त्यानं कुणाला विचारला नाही. विनीचं त्याच्या बोटांकडे लक्ष होतं. तीन वर्षांत एकदाही न फिरवलेला नंबर तो न अडखळता फिरवत होता. घंटी वाजायला लागली. त्या फोनचा आवाज एलायच्या वेळेपासून मोठाच ठेवलेला. इंजिनाशेजारी बसून एलाय ठार बहिरा झाला होता. त्यामुळं घंटी सगळ्यांना ऐकू येत होती. वाजली, वाजली, वाजली आणि थांबली. कुणी उचललं नाही.

"बघ," विनी पुटपुटली. "बघ, नाही उचलत. पोलिसांकडे आहे."

"कामावर असेल," ऑड्री म्हणाली, पण तिचाही आवाज खाली गेला होता.

हेडलीनं पुन्हा नंबर फिरवला. तेवढ्यात रस्त्यावरून दिव्यांचा झोत आला आणि स्वयंपाकघराच्या छतावरून सरकला. गाडीचं दार वाजलं. बर्फातून पावलं आली.

आणि कुणीतरी दार ठोठावलं.

आमच्याकडे दार कुणी ठोठावत नाही. शेजारी सरळ आत येतात, नातेवाईक आत येऊन किटली ठेवतात. ठोठावतात ती सोंगं, नाहीतर परकी माणसं.

"मॅडम? वकीलसाहेबांनी पाठवलंय. पाकीट न्यायला."

मावशी पुढं झाल्या. ऑड्री धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. मावशींचे पाय मध्येच थांबले, कारण डबा त्यांच्या हातातून विनीनं घेतला होता.

"बाजूला हो, ऑड्री."

"विनी, वेडी झालीस?"

"पैसे गेले तर जाऊ देत. बोट गेलीच आहे, पैसे ठेवून काय करायचेत? पण खरं असलं आणि आपण हा माणूस परत पाठवला, तर मी जन्मभर काय करू? सांग ना! तुला पोर नाही, तुला सोपं आहे!"

हे बोलायचं नव्हतं. बोलल्या क्षणी विनीला कळलं. ऑड्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ती दारावरून हलली नाही.

"सोपं नाहीये," ती म्हणाली. "अजिबात सोपं नाहीये मला."

दार पुन्हा वाजलं, ह्या वेळी जोरात. "मॅडम, कोर्ट बंद होईल! उशीर झाला तर माझी जबाबदारी नाही!"

विनीनं कडीला हात घातला. दोघी नणंद-भावजय दारात झटत होत्या, डबा दोघींच्या मध्ये. मावशी उभ्या उभ्या देवाचं नाव घेत होत्या. आणि फोनमधली घंटी थांबली.

"नॅन?" कोरीचा आवाज सगळ्या खोलीत भरला. मागं ताटल्यांचा खडखडाट होता, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. "नॅन, काय झालं? मी जेवणाच्या रांगेत आहे. आत्ताच तू फोन केला होतास का? सगळं बरं आहे ना?"

विनीचे हात सुटले. डबा पडला आणि गडगडत चुलीखाली गेला.

ऑड्रीनं दाराकडे तोंड केलं. "ऐकलंत का?" ती ओरडली. "ज्याचा जामीन न्यायला आलात तो जेवायच्या रांगेत उभाय! थांबा हां, पोलिसांनाही बोलावते, तुमच्यासाठीही पान वाढायला सांगते!"

पावलं आली होती त्याच्या दुप्पट वेगानं गेली. ऑड्री खिडकीशी धावली, पण गाडीच्या नंबरावर बर्फ थापलेलं होतं. आपसूक की मुद्दाम, देव जाणे. खिशातून स्वतःचा फोन काढून ती खरोखरच पोलिसांना लावू लागली. 

इकडे हेडली फोन कानाला लावून उभा होता. 

"नॅन? कुणी बोलेल का?"

हेडलीनं फोन आईकडे दिला. मावशींनी तो घेतला, पण कानाला लावला नाही. लांब धरला, त्यातून काही चावेल असा.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी, नॅन. कोरी."

"असं कुणीही म्हणेल."

"म्हणजे?"

"काल पण म्हणाला होता एक." मावशींचा आवाज फाटला. आयुष्यभर ज्या कानांवर त्या चालल्या, ते कान आता त्यांना परक्याचे वाटत होते. नातू बोलत होता आणि त्यांना ठरवता येत नव्हतं. "तू कोरी असशील तर सांग. तू गेलास त्या दिवशी, दुकानासमोर, गाडी आली तेव्हा मी तुला काय म्हणाले?"

खडखडाट लांब गेला. तो रांग सोडून बाहेर आला असावा.

"काही नाही म्हणालीस," कोरी म्हणाला. "एक शब्द नाही. माझा हात धरला होतास आणि घराच्या रस्त्याकडे बघत होतीस. मला वाटलं, बाबा येईल म्हणून बघतेयस. गाडी सुटेपर्यंत बघत होतीस. आला नाही तो."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "हाच आहे," त्या रडत म्हणाल्या. "विनी, हाच आहे गं. आपलाच आहे."

विनीनं फोन ओढून घेतला आणि पोराला नाव घेऊन घेऊन हाका मारल्या, दुसरं काही सुचेना म्हणून. नाक बघ, नाक नीट आहे ना, असं विचारलं. कोरीला काही समजेना. मग ऑड्रीनं पलीकडून ओरडून, तुकड्यातुकड्यांत सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. एकदा हसला, आणि मग हसला नाही.

"बाबा आहे का तिथं?" त्यानं विचारलं.

विनीनं नवऱ्याकडे पाहिलं. हेडलीनं फोन घेतला.

"आहे."

"तुला खरं वाटलं? मी कुणाला तरी उडवलं आणि तुरुंगात गेलो, हे?"

विनी डोळ्यांनी विनवत होती, नाही म्हण, नाही म्हण. ऑड्रीसुद्धा, पोलिसांची लाइन कानाला लावून, मान हलवत होती.

"वाटलं," हेडली म्हणाला. "आधी वाटलं."

 नुसता वारा वाजत होता, अल्बर्टातला.

"बरं," कोरी म्हणाला. "ठेवतो मग."

"मी आलो होतो."

"कुठं?"

"तू गेलास त्या दिवशी. मासळीच्या कारखान्यामागं उभा होतो."

"असं कुणीही म्हणेल, बाबा."

मावशींनी मान वर केली. हेडलीनं वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"तुझ्या बॅगेची चेन तुटलेली होती," तो म्हणाला. "पिवळ्या दोरीनं बांधली होतीस. दोरी आपल्या बोटीची होती, पुढच्या खणातली. गाठ मी शिकवलेली. पण घाईत बांधलीस, सैल होती. शहरापर्यंत टिकते की नाही असं वाटत होतं मला."

 ऑड्रीच्या फोनवर पोलीस हॅलो हॅलो करत होते आणि ती त्यांना उत्तर देत नव्हती.

"टिकली," कोरी म्हणाला. मग जरा वेळानं, "मग हाक का नाही मारलीस?"

हेडलीनं पायानं खुर्ची जवळ ओढली आणि फोन घेऊन बसला.

"सांगतो," तो म्हणाला. "ठेवू नकोस. सांगतो."